नागपूर ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

आपल्या गावातली जुनी माणसे अंतर कोसात सांगत. "तिथून दोन कोस," असे म्हटले की ऐकणाराला समजे. पुढे सडका झाल्या, सडकेच्या कडेला मैलाचे दगड आले. मग लोक मैल बोलू लागले. आता दगडावर किलोमीटर लिहिलेले असतात. कोस काय, मैल काय, किलोमीटर काय, ही सारी लांबी मोजण्याचीच मापे आहेत.

५ मैल म्हणजे ८ किलोमीटर, एवढे पाठ करून ठेवा. एक कोस म्हणजे साधारण २ मैल, म्हणजे ३ किलोमीटरांहून थोडे जास्त.

पण घरातून निघणाऱ्या माणसाला अंतर कळून भागत नाही. "किती वेळ लागेल?" हे त्याला आधी हवे असते. वेळेवरच सगळे अवलंबून असते. भाकरी किती बांधायच्या, गुरांना वैरण कोण टाकणार, शेतावर मजूर केव्हा सांगायचे, हे वेळेवरून ठरते. म्हणून या पाठात आपण अंतर आणि वेळ या दोघांचा हिशेब करू. त्यासाठी नागपूर आणि मुंबई ही दोन शहरे घेऊ. मुंबई महाराष्ट्राची राजधानी. नागपूर उपराजधानी. एक समुद्राकाठी, दुसरे थेट पूर्वेकडे.

एकच प्रवास, तीन अंतरे

नागपूर ते मुंबई अंतर किती? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

विमानाने : सुमारे ६८० किलोमीटर.
समृद्धी महामार्गाने : ७०१ किलोमीटर.
रेल्वेने : सुमारे ८३७ किलोमीटर.

असे का व्हावे? दोन्ही शहरे तर जागची हलत नाहीत!

भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पाहा. एक दोरी घ्या. तिचे एक टोक नागपूरवर धरा, दुसरे मुंबईवर. दोरी ताणा. ही झाली सरळ वाट. पाखरू उडाले तर असे जाईल. विमानही जवळजवळ असेच जाते. त्याला डोंगर आडवा येत नाही, नदी आडवी येत नाही.

आता दोरी सैल करा आणि रेल्वेच्या रेघेवरून फिरवा. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, नाशिक, इगतपुरी, कल्याण आणि मग मुंबई. दोरी कमी पडते. रेल्वेला उंच चढ चढवत नाही, म्हणून ती चढ टाळत वळणे घेत जाते. ही लाइन नागपूरला १८६७ साली पोहोचली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८६५ साली, कसाऱ्याच्या घाटातून गाडी वर चढली होती. त्या काळी वऱ्हाडचा आणि खानदेशचा कापूस मुंबई बंदरात न्यायचा होता. म्हणून रेल्वे कापसाच्या मुलखातून गेली. सरळ वाटेपेक्षा तिची वाट सुमारे १५७ किलोमीटर लांब झाली.

समृद्धी महामार्ग मात्र अलीकडचा. तो मुद्दाम होईल तेवढा सरळ आखला आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा भाग जून २०२५ मध्ये खुला झाला. या शेवटच्या भागात डोंगराच्या पोटातून सुमारे ८ किलोमीटर लांबीचा बोगदा काढला आहे. ज्या घाटात गाड्या धापा टाकत होत्या, तिथे त्या आता डोंगराखालून जातात.

हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो : नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक आणि ठाणे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा रस्ता मुंबई शहरात शिरत नाही. तो ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिथून मुंबईची गर्दी पार करायची असते.

पायी, गाडीने, विमानाने

वेळ काढायची रीत सोपी आहे. एका तासात जेवढे अंतर तोडले जाते, त्याला वेग म्हणतात. अंतराला वेगाने भागले की वेळ निघते.

अंतर ÷ वेग = वेळ

चालणारा माणूस तासाला ५ किलोमीटर जातो. दिवसाला ८ तास चालला तर ४० किलोमीटर होतात. ७०० ला ४० ने भागा. साडेसतरा येतात. म्हणजे नागपूरहून मुंबईला पायी जायला १८ दिवस लागतील. पाऊस आला, पाय सुजला, तर आणखी जास्त.

समृद्धी महामार्ग बांधला तेव्हा सरकारने सांगितले, की जुन्या रस्त्याने जे अंतर कापायला १६ तास लागत ते आता ८ तासांत कापता येईल. ७०१ ला ८ ने भागून पाहा. तासाला साधारण ८८ किलोमीटर पडतात.

प्रवासी विमान वर गेले की तासाला सुमारे ८०० किलोमीटर जाते. ६८० ला ८०० ने भागले तर एक तासही होत नाही. मग तिकिटावर दीड तास का लिहितात? कारण विमान निघाल्याबरोबर वर जात नाही. आधी ते जमिनीवर हळू चालत धावपट्टीपर्यंत जाते. आपली पाळी येईपर्यंत थांबते. उतरताना पुन्हा वेग कमी करते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. विमाने मात्र पुष्कळ. चावडीवर दाखल्यासाठी रांग लागते ना, तशी आकाशात विमानांची रांग लागते.

नागपूर आणि विमान यांचे नाते जुने आहे. नागपूर देशाच्या जवळजवळ मध्यावर आहे. म्हणून १९४९ साली रात्रीची टपाल-विमाने सुरू झाली, तेव्हा नागपूर हे त्यांचे भेटीचे ठिकाण ठरले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमाने निघत. ती नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परत जात. रात्री टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या शहरात पोहोचे.

मावशीचा मुंबईचा प्रवास

आता हा हिशेब घरच्या कामाला लावू. वर्धा जिल्ह्यातले एक गाव धरा. नागपूर तिथून ६० किलोमीटर. रात्रीच्या वर्गात एक मावशी शिकायला येतात. वय साठ. त्यांच्या गळ्याला गाठ आली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. सोमवारी सकाळी ९ वाजता हजर राहायचे आहे. कसे जावे, याचा विचार वर्गात चालला.

मुलगा : गुरुजी, मी आईले इमानानं नेतो. दीड तासात मुंबई. पैसे लागले तरी चालतील. बैल विकू एखादा.

मावशी : बैल विकायचं नाव नको काढू बापा. पेरणी तोंडावर आली.

तात्या : इमान काहून पाहिजे? माझ्या साडूच्या पोराची मोटार आहे. रविवारी रात्री नऊला निघू, सकाळी मुंबईत. समृद्धीवर गाडी कशी पाण्यासारखी पळते!

गुरुजी : थांबा. भांडू नका. पाटी घ्या. प्रत्येक वाटेचा हिशेब मांडू. पण एक अट. घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत सगळा वेळ धरायचा. मधला एक तासही सोडायचा नाही.

मग त्यांनी पाटीवर असे मांडले :

विमान
घर ते नागपूर विमानतळ : २ तास
विमान सुटण्याआधी थांबणे : २ तास
विमानात : दीड तास
सामान घेऊन बाहेर येणे : अर्धा तास
विमानतळ ते परळ : दीड तास
एकूण : साडेसात तास

मोटार
घर ते समृद्धी महामार्ग : अर्धा तास
महामार्गावर ६४० किलोमीटर, तासाला सरासरी ८० : ८ तास
चहा, जेवण, विसावा : १ तास
आमणे ते परळ : २ तास
एकूण : साडेअकरा तास

रेल्वे
घर ते वर्धा स्टेशन : १ तास
गाडीची वाट पाहणे : १ तास
वर्धा ते दादर : साधारण १३ तास
दादर ते परळ : अर्धा तास
एकूण : साडेपंधरा तास

मावशी : अगं बाई! दीड तासाचं इमान साडेसात तासावर गेलं की!

गुरुजी : तेच तर पाहायचे होते, मावशी. साडेसात तासांत विमान फक्त दीड तास उडते. म्हणजे पाचवा हिस्सा. बाकीचे चार हिस्से जमिनीवरच जातात. तरीही विमान सगळ्यांत लवकर पोहोचवते, हे खरे. रेल्वेपेक्षा ८ तास आधी.

मुलगा : मग इमानच बरं नाही का?

गुरुजी : ते ८ तास कुठले, ते पाहू. रेल्वेत संध्याकाळी बसलात की रात्र झोपेत जाते. सकाळी दादरला उतरता आणि ९ वाजता दवाखान्यात पोहोचता. विमानाने जायचे तर रविवारी जाऊन मुंबईत रात्रीची खोली घ्यावी लागेल. मग वाचलेला वेळ खोलीतच जाणार, आणि तिचे भाडे वेगळे.

मावशी : आणि तिकीट किती?

गुरुजी : विमानाचा दर रोज बदलतो. आज एक, उद्या दुसरा. अगदी ऐनवेळी काढले तर बहुधा महाग पडते. रेल्वेत मात्र कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना सवलत आहे. स्लीपर डब्यात आणि तीन थरांच्या वातानुकूलित डब्यात रुग्णाला भाडे माफ. बरोबरच्या एका माणसाला चौथा हिस्सा भाडे. त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो घेऊन स्टेशनच्या आरक्षणाच्या खिडकीवर जायचे.

मुलगा : पण आईच्या रोगाचं नाव तर अजून पक्कं झालं नाही.

गुरुजी : बरोबर बोललास. मग आज डॉक्टरांना विचार, दाखला आता मिळेल की मुंबईच्या तपासणीनंतर. आता मिळाला नाही तर जाताना पूर्ण तिकीट काढा. स्लीपरचे तिकीट काढायला बैल विकावा लागत नाही. पुढे पुन्हा पुन्हा जावे लागले तर तेव्हा दाखला कामी येईल.

तात्या : अन् माझी मोटार?

वेगाचा मोह

गुरुजींनी तात्यांना एक उदाहरण घातले. मोटार तासाला १२० किलोमीटर वेगाने पळते आहे. महामार्गाच्या सपाट भागात मोटारीला एवढीच परवानगी आहे. मग ती एका सेकंदात किती जाते?

तासाला १२० किलोमीटर म्हणजे १,२०,००० मीटर. एका तासात ३,६०० सेकंद. भागाकार केला. ३३ मीटर आले.

"आता तात्या, चालवणाऱ्याला तीन सेकंदांची डुलकी लागली. गाडी किती गेली?"

"तीन तेहेतीस नव्व्याण्णव," तात्या म्हणाले. "शंभर मीटर!"

"म्हणजे दोनशे हातांहून जास्त. तेवढा वेळ गाडीला वाली नाही."

सरळ रस्त्यावर वळण नाही, खड्डा नाही, समोरून गाडी नाही. अशा रस्त्यावर मन सुस्तावते आणि डोळे मिटतात. दिवसभर काम करून रात्री नऊला गाडी हाती घेणाऱ्याची पहाटे तीन-चार वाजता काय दशा होत असेल? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसे मेली. ती सगळी माणसे सकाळी पोहोचू, याच भरवशावर झोपली होती.

आणि वेग वाढवून मिळते तरी किती? ६०० किलोमीटरांचा रस्ता धरा. तासाला १०० च्या वेगाने ६ तास लागतात. १२० च्या वेगाने ५ तास. एक तास वाचतो. तोच एक तास मुंबईच्या वेशीवर वाहनांच्या गर्दीत सहज जातो.

म्हणून मोटारीने जायचेच असेल तर दिवसा जावे. चालवणारे दोघे असावेत. दर दोन तासांनी थांबावे. निघण्याआधी चाकांची हवा आणि टायर पाहावेत. पट्टा बांधावा, मागे बसणाऱ्यानेही. समृद्धी महामार्गावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

तात्यांनी पाटीकडे पुन्हा पाहिले. "मोटार तुम्हाला वर्धा स्टेशनावर सोडायला आणतो," ते म्हणाले. "त्याला काही हरकत नाही ना?"

मावशी हसल्या. जाण्याचे रेल्वेने ठरले.

पण सगळ्यांनी असेच करावे असे नाही. रोग्याला पंधरा तास सोसणार नसतील, किंवा डॉक्टर "आजच न्या" म्हणाले असतील, तर विमानाचे तिकीट महाग म्हणता येणार नाही. अशा वेळी आधी डॉक्टरांना विचारावे, की रोग्याला विमानाने नेले तर चालेल का. चालता येत नसेल तर तिकीट काढतानाच चाकांची खुर्ची मागावी. ज्याच्या घरी जशी गरज, तशी त्याची वाट.

तिकीट वाचायला शिका

तुम्ही आता अक्षरे वाचता. तिकीट दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा. त्यात या गोष्टी पाहा :

१. नाव. आधार कार्डावर आहे तसेच आहे का? कार्ड बरोबर ठेवा.

२. कुठून आणि कुठे. मुंबईत स्टेशने अनेक आहेत : कल्याण, ठाणे, दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आपण कुठे उतरायचे ते आधी ठरवा. विमानाचे असेल तर आणखी जपा. नवी मुंबईत दुसरा विमानतळ झाला आहे. त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. आपले विमान कोणत्या विमानतळावर उतरते, ते पाहून घ्या.

३. वेळ. रेल्वे आणि विमानाचे घड्याळ २४ तासांचे असते. दुपारी १ वाजले की ते १३ म्हणते. १२ हून मोठा आकडा दिसला की त्यातून १२ वजा करा. १८:३० मधून १२ गेले, उरले साडेसहा. म्हणजे संध्याकाळचे साडेसहा.

४. तारीख. इथे पुष्कळ माणसे फसतात. रात्री १२ वाजता तारीख बदलते. तिकिटावर "५ तारीख, वेळ ००:२०" असे असेल तर गाडी ४ तारखेच्या रात्री जेवण झाल्यावर गाठायची असते. ५ तारखेच्या रात्री स्टेशनवर गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

लक्षात ठेवा

दोन गावांतले अंतर वाटेप्रमाणे बदलते.
अंतर ÷ वेग = वेळ.
वेळ नेहमी घरापासून मुक्कामापर्यंत मोजावी.
लवकर पोहोचण्याआधी सुखरूप पोहोचण्याचा विचार करावा.

शब्द आणि अर्थ

वेग : एका तासात तोडलेले अंतर.
सरासरी : कमी-जास्त एकत्र करून काढलेला मधला आकडा.
धावपट्टी : विमान जिथून उडते आणि जिथे उतरते ती लांब सडक.
आरक्षण : गाडीत आपली जागा आधी राखून ठेवणे.
सवलत : भाड्यात दिलेली सूट.

उत्तरे लिहा

१. रेल्वेची वाट विमानाच्या वाटेपेक्षा लांब का आहे?
२. समृद्धी महामार्ग कोठे संपतो? तो तुमच्या जिल्ह्यातून जातो का?
३. तात्यांनी आपला बेत का बदलला?
४. मावशींच्या जागी तुम्ही असता तर कोणत्या वाटेने गेला असता? कारण दोन ओळींत लिहा.

हिशेब करा

१. ४० मैल म्हणजे किती किलोमीटर? (५ मैल = ८ किलोमीटर)
२. एस.टी. तासाला ४० किलोमीटर जाते. १२० किलोमीटरांवरच्या गावी पोहोचायला किती वेळ लागेल?
३. तिकिटावर २१:१५ लिहिले आहे. म्हणजे किती वाजता?
४. तिकिटावर "१२ तारीख, ००:४५" आहे. तुम्ही कोणत्या तारखेच्या रात्री घरून निघाल?
५. तुमच्या घरापासून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतचा सगळा वेळ पाटीवर मांडा : चालणे, गाडीची वाट पाहणे, प्रवास, दवाखान्यातली रांग. बेरीज करा आणि घरातल्या माणसांना वाचून दाखवा.